निवडणाऱ्याचे उत्तरदायित्व

१४ ऑगस्ट २०२० रोजी बार्सिलोना हा फुटबॉल क्लब बायर्न म्युनिककडून ८-२ असा पराभूत झाला. हा क्लब कुणा धनिकाच्या मालकीचा नाही. सभासदच त्याचे धनी. वीस हजारांहून अधिक सभासदांच्या सह्यांनिशी अविश्वासाची मागणी झाली आणि २७ ऑक्टोबरला अध्यक्ष बार्तोमेऊ यांनी सर्व संचालकांसह राजीनामा दिला. चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु २०१५ मध्ये, तीन मोठी अजिंक्यपदे लाभली त्या वर्षी, त्यांना निवडून दिले होते ते सभासदांनीच. विजयाच्या भरात हिशेब कोण विचारतो? मार्च २०२१ मध्ये लापोर्ता पुन्हा अध्यक्ष झाले; तरीही ऑगस्टमध्ये आर्थिक अडचणींपायी मेस्सीला क्लब सोडावा लागला. खुर्चीवरील माणूस बदलला, कर्ज तेथेच राहिले.

आपल्या जुन्या वाचनालयांच्या, मंडळांच्या वार्षिक सभा आम्हांस आठवतात. अहवाल न वाचताच ‘मंजूर’ म्हणून चहाकडे वळणारे आम्हीच, आणि संस्था खंगली की कार्यकारिणीला बोल लावणारेही आम्हीच. पदच्युती ही शिक्षा असेल, प्रायश्चित्त नव्हे. ते निवडणाऱ्यानेच घ्यावयाचे असते. आणि त्याचा आरंभ पुढचा अहवाल वाचण्यापासून होतो.