आडव्या बाटलीचं मत

चंद्रपुरात मार्गारेट कझिन्स यांच्यावर स्थानिक इतिहासाचं व्याख्यान ठेवलं, तर श्रोते आधी हेच विचारतील की या आयरिश बाईंचा इथल्या मातीशी संबंध काय. मताधिकारासाठी तिकडे तुरुंगवास भोगून त्या 1915 मध्ये भारतात आल्या. 18 डिसेंबर 1917 रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलेल्या महिला शिष्टमंडळामागे त्यांचीच खटपट होती, आणि जानेवारी 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेमागेही. शिष्टमंडळाचं म्हणणं असं, की लोकांना अधिकार देणार असाल तर त्या लोकांत बायकाही धरा. चंद्रपूर-गडचिरोलीचा दारूबंदीचा लढा मला याच मागणीचा पुढचा, आणि अधिक अवघड, टप्पा वाटतो.

गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपूरसाठी श्रमिक एल्गार या संघटनेच्या बायका 2010 मध्ये चिमूरहून पायी नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर गेल्या, पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव केले, तेव्हा कुठे 1 एप्रिल 2015 रोजी बंदी आली. राज्यात इतरत्र गावातलं दुकान हटवायचं तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडावी लागतात. रोवणीला गेलेली, बाळंतीण, नवऱ्याच्या धाकानं घरी राहिलेली, अशा प्रत्येकीचं न दिलेलं मत दुकानदाराच्या कामी येतं. आमदाराला मात्र झालेल्या मतदानात सर्वांच्या पुढे राहिलं की पुरतं. मत मिळालं, पण त्याचं वजन दुसऱ्यांनीच ठरवलं.

बंदीनं चोरटी दारू वाढली, हा आक्षेप खोटा नाही. 2021 मध्ये चंद्रपूरची बंदी उठवताना तोच आधार होता. पण तेव्हा समितीचा अहवाल आला, मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, बायकांचं मतदान काही झालं नाही. अंमलबजावणी फसली ती शासनाची. तिची किंमत मागणी करणाऱ्यांनी का मोजावी? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आदिवासींच्या पूजेत मोहाची दारू लागते, तिथे बाहेरच्यांनी नीती शिकवू नये. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा दिलेला अधिकार मोलाचा आहे. पूजेपुरता मोह मोकळा ठेवून विक्री थांबवायची, हे गावच ठरवू शकतं. मग पाहायचं ते एवढंच, की त्या ठरावाखाली बायकांच्या सह्या आणि अंगठे किती आहेत.