सज्ञान

परवा आमचे चिरंजीव १८ वर्षांचे झाले. औक्षण झालं, पाया पडून झालं आणि म्हणाले, "बाबा, आजपासून मी सज्ञान!"

मला कायद्याचं भारी कौतुक वाटतं. बाराचा ठोका पडेपर्यंत माणूस अज्ञान, पडला की सज्ञान! आपल्याकडे ही सोय १८७५ सालापासून आहे. जपानात सज्ञान व्हायला २० वर्षं लागत. जानेवारीत त्याची खास सुट्टी, मुली किमोनो घालून समारंभाला जातात. २०२२ च्या एप्रिलात सरकारनं वय १८ वर आणलं आणि लाखो पोरं एका रात्रीत मोठी झाली. तरी बहुतेक गावांनी समारंभ विसाव्या वर्षीच ठेवला. म्हणजे सरकारवर विश्वास, पण बेतानं!

दक्षिण कोरियात जुन्या रिवाजाप्रमाणे मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि नव्या वर्षी सगळा देश एकदम वर्षानं मोठा. ३१ डिसेंबरचं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २०२३ च्या जूनमध्ये कायद्यानं हा हिशेब बदलला आणि माणसं कागदोपत्री लहान झाली. मी ती बातमी दोनदा वाचली.

पण हसायचं कशाला? माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या निम्म्या वर्गाचाही १ जून. मास्तर पोराकडे बघून वय ठरवत आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकत. आजी म्हणायची, "दसऱ्याच्या आदल्या रात्री झाला." पण वडील निवृत्त झाले ते मास्तरांच्या अंदाजानं.

मग माणूस मोठा होतो तरी कधी? मी ४२ वर्षांचा होतो, दोन पोरांचा बाप. वडील इस्पितळात. डॉक्टर ऑपरेशनचं विचारून गेले. ज्यांनी मला जन्मभर फक्त सांगितलं, विचारलं कधीच नाही, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करू या रे?"

त्या क्षणी मी सज्ञान झालो. कुणी ओवाळलं नाही. उलट पुन्हा लहान व्हावंसं फार वाटलं.

रात्री मित्रांनी तोंडाला फासलेला केक धुवायला चिरंजीव न्हाणीघरात शिरले आणि आतून हाक आली, "बाबा, टॉवेल!"

'सज्ञान माणसानं आपला टॉवेल आपण न्यावा,' असं अगदी ओठांवर आलं होतं. मग मनात आलं, हा खरा मोठा होईल त्या दिवशी खाटेवर मी असणार.

मुकाट्यानं टॉवेल दिला. होईल सावकाश. मला काही घाई नाही.