तटबंदीच्या मातीखाली

सीरिया देशात, फरात नदीच्या काठी उंच कड्यावर दुरा-युरोपोस नगराचे अवशेष आहेत. इ. स. 165 च्या सुमारास रोमी लोकांनी ते घेतले आणि पुढे ते सीमेवरील शिबंदीचे ठाणे झाले. चला, आपण मनाने त्या पश्चिमेच्या तटापाशी जाऊ या.

तटालगतच्या गल्लीत एक साधे घर होते. मध्ये अंगण, भोवती खोल्या. इ. स. 240 च्या सुमारास ख्रिस्ती मंडळीने त्यातील दोन खोल्यांमधली भिंत पाडून उपासनेचे दालन केले. साठ-सत्तर माणसे त्यात दाटीने बसली असतील. शेजारच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले व त्यावर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ रंगविला. बाजूच्या भिंतींवर आपली खाट उचलून निघालेला पक्षघाती, लाटांवर पाऊल टाकणारा पेत्र, विहिरीवरची शोमरोनी स्त्री! प्रभू येशूच्या आजवर सापडलेल्या सर्वांत प्राचीन चित्रांत यांची गणना होते.

इ. स. 256 च्या सुमारास इराणच्या सासानी राजाची फौज चालून आली. तट बळकट करण्यासाठी रोमी सैनिकांनी आतील गल्ली आणि लगतची घरे मातीने भरून टाकली. मंडळीचे दालन गेले. त्याच गल्लीतील यहुद्यांचे सभास्थानही गेले. एवढे करूनही नगर पडले आणि कायमचे ओसाड झाले. परंतु 1931-32 च्या उत्खननात माती काढली तेव्हा मेंढपाळ त्या भिंतीवर होता. ही चित्रे पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठात नेण्यात आली. 2011 नंतरच्या यादवीत लुटारूंनी ते अवशेष जागोजाग खणून काढले, हे वाचून मन विषण्ण होते.

यातही देवाची योजना होती, असे आपण चटकन म्हणतो. ज्यांच्या डोळ्यांदेखत उपासनास्थान पुरले गेले, त्यांच्यासमोर ते म्हणवले असते काय? चित्रे राहतील हे त्यांना कधीच कळले नाही. त्यांना ते दालन जेमतेम पंधरा-सोळा वर्षे लाभले.

आपल्यापैकी कित्येक जण परप्रांतात, कोणाच्या तरी घरी पाच-दहा कुटुंबे जमवून मराठीत उपासना करतात. मुलांना मराठी वाचता येत नाही. हे किती दिवस चालणार, असे आपण एकमेकांना हळूच विचारतो. दुराच्या त्या खोलीत तेवढ्या अवधीत माणसे कुंडात उतरली, मेंढपाळाकडे पाहत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथल्या भिंतीवर, प्रोक्लुस नावाच्या कोणाची आठवण ठेवा, अशी ग्रीक अक्षरे खरडलेली आढळली. साडेसतराशे वर्षांनंतर आपण त्याचे नाव मराठीत वाचीत आहोत.