चार चुडांच्या मधोमध

सावकाश बसा. श्वास आत घ्या, छाती भरू द्या. या हवेत सुमारे 78 टक्के नत्र आहे. भाताच्या खाचरावरही हाच नत्र पसरलेला असतो, पण भाताला तो हवेतून घेता येत नाही. इथे थोडं थांबा.

आता मनाने कोकणातल्या एखाद्या खाचरात उतरा. चिखलणी झाली आहे, आवण नुकतंच लावलं आहे, घोटाभर पाणी आहे. कुणी तरी युरिया फेकून दिला. शंभर किलोत 46 किलो नत्र. दाणे विरघळतात, काही दिवसांतच त्याचा अमोनियम होतो. ऊन चढलं की पाण्यातलं शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, पाण्याचा सामू वाढतो आणि अमोनिया उडू लागतो. उरलेल्यातला काही चिखलाच्या वरच्या पातळ थरात, प्राणवायू असतो तिथे, नायट्रेट होतो आणि खाली झिरपतो. खाली प्राणवायू नाही, म्हणून जिवाणू त्याचा पुन्हा वायू करतात. रोपाच्या वाट्याला बहुतेक वेळा निम्माही येत नाही.

आणि रोप? ते नुकतंच उपटून लावलेलं आहे, मुळं अजून धरायची आहेत. नत्र भरपूर असतो तेव्हा मूळ दुबळं, आणि पुढे लोंबी पोटात घडू लागते, भूक वाढते, तेव्हा पाणी रितं. हा हुकलेला मेळ मनात राहू द्या. घाई नको.

आता शेजारचं खाचर पाहा. इथे डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्री पद्धतीने लावणी झाली आहे. चुडांमधलं, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांमधलं, अंतर एकदा 15, एकदा 25 सेंटिमीटर. जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध, 7 ते 10 सेंटिमीटर खोल, युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी. तिच्यापाशी जा. इथेही अमोनियम होतो, पण मातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेट व्हायला प्राणवायू नाही. वरच्या पाण्यात फारसं काही पोचत नाही. चारी बाजूंनी मुळं आपल्या चालीने येतात आणि भाताला मानवणारा अमोनियम थोडा थोडा उचलतात. फुटव्यांपासून लोंबी घडेपर्यंत.

2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं. त्याने नायट्रेट होणं लांबतं, पण पाण्यावरून उडणारा अमोनिया त्याने थांबत नाही. मला खताच्या आवरणापेक्षा त्याची जागा मोलाची वाटते. हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत मात्र खोल गोळीतलाही नत्र झिरपून जाऊ शकतो.

शेवटी हातांकडे या. हेक्टरी 62,500 गोळ्या, लावणीच्याच दिवशी, पावसात, वाकून, एकेक करून चिखलात खुपसायच्या. या आकड्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबा. ही कंबर सरळ ठेवणारं हलकं, स्वस्त अवजार प्रत्येक वाडीत पोचायला हवं.