लेखनाचे नित्यकर्म

लेखकाने दररोज अमुक इतके शब्द लिहावेत, ते यंत्राने मोजावेत, आणि ज्या दिवशी संकल्प पुरा होईल त्या दिवसाची चौकट हिरवी व्हावी, अशा प्रकारचे एक वेब ॲप माझ्या परिचयातील एक तरुण प्रोग्रामर सध्या तयार करीत आहे. आणि त्याचा आराखडा पाहताना मला असे वाटले की, त्याला स्वतःला ठाऊक नसले तरी हा गृहस्थ पूर्वमीमांसेतील एका जुन्या वादाचा निवाडा करावयास बसला आहे.

लेखनाची रोजकीर्द ही काही नवी वस्तू नव्हे. इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला कादंबरी लिहावयास बसणारा अँथनी ट्रोलप समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे, आणि किती पाने झाली हे रोजच्या रोज वहीत मांडीत असे; तसे त्याने १८८३ साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. रिकामा दिवस त्या वहीतून त्याला टोचत असे खरा, पण आजच्या आळसाने कालची पाने पुसली जात नसत.

आमच्या मित्राच्या आराखड्यात मात्र एक जाचक कलम आहे. उद्दिष्ट ५०० शब्दांचे असता कोणी ४९० लिहून उठला, तर तो दिवस बुडीत. आणि एक दिवस बुडाला की सलग दिवसांचा आकडा, मग तो दोनशेवर का पोहोचलेला असेना, एकदम शून्यावर. मीमांसकांनी कर्माचे नित्य आणि काम्य असे जे भेद केले त्यांत एक मार्मिक बारकावा आहे: पुत्र, पशू, पर्जन्य यांच्या इच्छेने आरंभिलेले काम्य कर्म सर्व अंगांनिशी यथासांग व्हावे लागते, एक अंग उणे पडले तरी फळ नाही, नित्यकर्म मात्र यथाशक्ति झाले तरी चालते, कारण मनुष्य जिवंत आहे तोवर ते त्याच्यामागे लागलेलेच आहे. एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा जो उपक्रम अमेरिकेत १९९९ साली सुरू झाला, त्यात उतरणाऱ्याचे कर्म काम्यच असे, आणि त्याला मुदत पाळावीच लागे. परंतु ज्याला लिहिल्यावाचून राहवत नाही, त्याच्या ४९० शब्दांना बुडीत ठरविणे म्हणजे रोजच्या संध्येला पुत्रकामेष्टीच्या पंक्तीस बसविणे होय.

बरे, चुकल्या दिवसाचे काय? संध्येची वेळ टळली तर प्रायश्चित्तादाखल तीन अर्घ्यांवर चौथे द्यावे, एवढीच तजवीज शास्त्राने केली आहे. कालपर्यंतच्या सगळ्या संध्या रद्द, असा हुकूम कोणा स्मृतिकाराने काढल्याचे माझ्या वाचनात नाही. शंकराचार्य तर याहून मुळाशी जातात. नित्यकर्म न केल्याने प्रत्यवाय लागतो या मतावर त्यांचा आक्षेप असा की, न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून भावरूप दोष कसा उत्पन्न व्हावा? रिकामी चौकट रिकामीच ठेवावी, तिला तांबडा रंग देऊ नये, या माझ्या आग्रहाला यापेक्षा भक्कम आधार मला सापडलेला नाही.

दिवस कोठे संपतो, हाही एक वादच. सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेने चालतो आणि तेथील मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते, त्यामुळे ब्राह्ममुहूर्तावर लिहिलेले शब्द कालच्या खाती पडतात. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून धरतात हे ध्यानात घेता यंत्र अजाणता सनातनी निघाले, असे मी म्हणालो. मित्राच्या मते हा निव्वळ बग आहे, आणि तो दुरुस्त होत आहे.

खरी अडचण पुढेच आहे. पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार या तिहींची जोड सांगितली. पैकी पहिली दोन यंत्राला उत्तम मोजता येतात, तिसऱ्यापाशी, म्हणजे आदरापाशी, ते अडते. सकाळभर बसून कोणी काल लिहिलेले ३०० पोकळ शब्द खोडले, तर ॲपमध्ये उणे ३०० दिसतात, आणि वास्तविक त्या आठवड्यातले सर्वांत श्रद्धेचे काम तेच असते. पुष्कळ चर्चेअंती मित्राने लिहिलेले आणि खोडलेले असे दोन रकाने पाडले व दोन्ही जमेस धरले. आता ३०० लिहून तेच ३०० खोडणारा लबाड निघाला तर काय करावे, अशी त्याला चिंता आहे. पळीभर पाणी ताम्हनात सोडून पाटावरून उठणारे बटूही पूर्वी होतेच, आणि त्यांच्याकरिता कोणी संध्येचा विधी बदलला नाही.