निद्रिताचा संकल्प

उताणे झोपल्यावर जीभ व मृदू टाळू मागे सरकून श्वसनमार्ग अडू शकतो. कुशीवरच्या तुलनेत उताण्या स्थितीत हे अडथळे किमान दुप्पट असल्यास झोपेत श्वास अडण्याच्या या विकाराला स्थितीसापेक्ष स्लीप ॲप्निया म्हणतात. अशा वेळी कुशीवर राहणे उपयोगी ठरते; पण बौद्ध परंपरेतील सिंहशय्या, म्हणजे उजव्या कुशीवर स्मृतिपूर्वक पहुडणे, जागेपणीच्या संकल्पावर विसंबते. मांडूक्योपनिषदातील सुषुप्तीत, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेत, मात्र कामनाच उरत नाही, मग कूस कोण राखणार? पाठीला बांधलेला चेंडू किंवा कंप देणारा पट्टा तो संकल्प शरीराकडे सोपवतो, तर १९८१ साली कॉलिन सलिव्हन यांनी वर्णिलेले सीपॅप यंत्र दाबाच्या हवेने मार्ग उघडा ठेवते आणि निद्रिताच्या स्थितीची पर्वाच करत नाही. अडथळे सीपॅपच अधिक घटवते, हे मान्य. सीपॅपचा मुखवटा मध्यरात्री काढून टाकणाऱ्याला मात्र पट्ट्याचा लाभ अधिक तास मिळू शकतो.