संध्याकाळी परत करायचं पिस्तूल

गडचिरोली

चि. पोरी,


तुझं पत्र तुझ्या आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. प्रशिक्षणात चांदमारीवर पहिल्यांदा ९ एमएम पिस्तूल चालवलंस, दहातल्या तीनच गोळ्या टार्गेटला लागल्या, स्लाइडने डाव्या अंगठ्याची साल काढली, आणि तरी आनंदाने रात्रभर झोप लागली नाही, असं लिहिलंस. ‘मामा, हातात वीज धरल्यासारखं वाटलं’ हे वाक्य आलं तेव्हा आईचा चेहरा उतरला. मला तुझा आनंदही कळला आणि तिची भीतीही. ती झोपल्यावर लिहायला बसलो आहे.

आधी कामाचं. अंगठा सोलला, कारण तू डावा अंगठा उजव्याच्या मागून आडवा घेतलास. घोडा दाबला की स्लाइड सपकन मागे येते, तिच्या वाटेत बोट असेल तर ती सोडत नाही. दोन्ही अंगठे डाव्या बाजूलाच, एकावर एक, पुढे रोखून ठेव. मनगट ढिलं सोडू नकोस. ढिल्या मनगटात स्लाइडचा फेरा पुरा होत नाही आणि पुंगळी अडकते.

हुकलेल्या सात गोळ्या बहुतेक खाली डावीकडे गेल्या असतील. उजव्या हाताच्या नवशिक्यांचं असंच होतं. आवाज व्हायच्या आधीच हात त्याला घाबरतो आणि नळी खाली दाबतो. यावर गोळ्या वाढवणं हा उपाय नाही. उस्तादांना सांग, त्यांच्या देखत रिकाम्या पिस्तुलावर सराव कर. नळीच्या टोकावर रिकामी पुंगळी उभी ठेवायची आणि ती पडू न देता घोडा दाबायचा. शंभरदा कर. तू विचारलंस की रायफल जमली तर हे एवढंसं का जमत नाही. रायफलीला खांद्याचा आधार असतो आणि तिच्या पुढच्या-मागच्या साइटमध्ये हातभर अंतर असतं. पिस्तुलाच्या साइटमध्ये वीतभरही नसतं. नळी एक अंश कलली तरी २५ मीटरवर गोळी ४४ सेंटीमीटर बाजूला जाते.

पिस्तूल एवढंसं असल्यामुळे आणखी एक धोका निघतो आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. पिस्तूल अडकलं की नवखं पोरगं ‘उस्ताद’ म्हणून सगळं अंगच वळवतं, आणि नळी रांगेतल्या शेजारच्याच्या पोटाकडे जाते. अडकलं तर बोट घोड्यावरून काढ, नळी टार्गेटकडेच ठेव, फक्त तोंडाने हाक मार. पिस्तुलाची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आपल्याकडे तेवढ्यात एक नाला, दोन बांध्या आणि एक अख्खा टोला येतो.

कानात बोळे घाल. आमच्या वेळी कापूस होता, तोही मी मोठेपणा दाखवायला काढून टाकायचो. आता रात्री सगळं शांत झालं की डाव्या कानात शिट्टी वाजत राहते. ती जात नाही.

आता त्या विजेबद्दल. नोकरीत असताना शरण आलेल्या एका बाईशी माझं बरंच बोलणं व्हायचं. पंधराव्या वर्षी नक्षलवाद्यांच्या दलममध्ये गेली. पहिली बंदूक मिळाली ती ठासणीची भरमार, तिच्या उंचीएवढी. मी विचारलं, पहिली गोळी झाडताना कसं वाटलं? ती म्हणाली, गोळीचं आठवत नाही. बंदूक खांद्यावर घेऊन गावात गेले, तर कालपर्यंत मला शेण काढायला पाठवणारी माणसं बाज सोडून उभी राहिली. ते आठवतं.

पोरी, तुझ्या हातातली वीज आणि तिच्यासाठी उभी राहिलेली माणसं एकाच जातीची. अठरा वर्षांच्या अंगाला ते आवडणारच, त्यात तुझा दोष नाही. पण ते मोठेपण बंदुकीचं होतं, तिचं नव्हतं. पुढची बारा वर्षं तिला ती खाली ठेवता आली नाही. झोपताना उशाला, आंघोळीला गेली तर काठावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल नेता भूपती साठ साथीदारांसह इथे शरण आला, मुख्यमंत्र्यांपुढे ५४ हत्यारं ठेवली गेली, तेव्हा टीव्हीवर सगळे त्याच्याकडे बघत होते. मी मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांकडे बघत होतो. यांच्यातल्या कितीजणांच्या हाती बंदूक तुझ्याहून लहान वयात आली असेल? तसल्याच बंदुकांपुढे लाहेरीत ८ ऑक्टोबर २००९ ला आपले १७ जवान गेले. जंगलाच्या दोन्ही बाजूंना आपलीच पोरं होती. हे मी भाषणात ऐकलेलं सांगत नाही.

शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षं पुरी झाल्याशिवाय कुणाला बंदुकीचा परवाना मिळत नाही, आणि ९ एमएम पिस्तूल तर साध्या नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. ते अठराव्या वर्षी तुझ्या हातात आलं, म्हणजे सरकारने तुला उसनं दिलं. संध्याकाळी शस्त्रागारात जमा करायचं, पुंगळ्या वेचून, मोजून द्यायच्या. एक कमी पडली तर सगळ्या तुकडीने गवत चाळायचं. मुलींना त्याचा कंटाळा येतो असं लिहिलंस. मी ते काम वर्षानुवर्षं केलं. मला चांदमारीतलं तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खेळाची आवड लागली असेल तर ती वाट मोकळी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, तेही बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये. उस्तादांकडे चौकशी कर.

पिस्तुलासोबतचा फोटो धाकट्याला पाठवू नकोस. तो परवापासून काठी रोखून फिरतो आहे. आईला मात्र वेगळं पत्र लिही, त्यात गोळीचं काही नको. जेवण कसं आहे, अंगठा बरा झाला का, तेवढं लिही. मोहफुलं पडायला लागली आहेत. आई पहाटे एकटीच वेचायला जाते, आणि तुझी टोपली अजून खुंटीवर आहे.

तुझा,
मामा